गडांवरच्या टाक्यांचं वेब ॲप: नकाशा गूगलचा की ओपनस्ट्रीटमॅपचा?

रानवाट:
गडांवरची पाण्याची टाकी दाखवणारं छोटं वेब ॲप आम्ही तिघं मिळून करतोय. कुठलं टाकं उन्हाळ्यात आटतं, कुठलं पाणी पिण्याजोगं, एवढंच. माझं मत ठाम आहे: असल्या हौशी कामाला ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा) आणि तो वेबपानावर दाखवणारी लीफलेट ही कोड लायब्ररीच घ्यावी. ना एपीआय की (सेवा वापरण्यासाठीचा ओळख-कोड), ना क्रेडिट कार्ड. गूगलचं २०१८ पासून बिलिंग खातं उघडल्याशिवाय काम होत नाही. अचानक गर्दी झाली तर बिल कोण भरणार? शिवाय नकाशात टाकं नसेल तर मी स्वतः ते नोंदवू शकतो.

पिनकोड:
अजिबात पटलं नाही. भटके आधी पायथ्याची वाडी शोधतात, टाकं नंतर. वाडी-वस्तीचं नाव अर्धवट टाइप केलं तरी गूगलला बहुतेक वेळा सापडतं. ओपनस्ट्रीटमॅपच्या नॉमिनॅटिम या ठिकाण-शोध सेवेच्या मोफत सर्व्हरवर सेकंदाला एकच विनंती चालते, आणि टाइप करता करता सुचवण्या दाखवायला तर साफ मनाई आहे. बिलाचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२४ पासून भारतासाठी दर वेगळे आणि कमी आहेत. रोजचा कोटा बांधून ठेवा, तो संपला की सेवा थांबते.

रानवाट:
कोटा संपून नकाशा बंद पडला, तर वाटेत अडकलेल्याने काय करायचं?

जुनीपायवाट:
कोट्याबद्दल पिनकोड यांचं बरोबर आहे, कारण गूगलचा बजेट अलर्ट (खर्च वाढल्याची सूचना) नुसता मेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. हे मी पैसे मोजून शिकलो. ब्राउझरमधली एपीआय की कुणालाही दिसते. मी ती आमच्याच वेबसाइटवर चालेल अशी बांधली नव्हती, दुसऱ्या कुणीतरी महिनाभर वापरली.
पण दोघांनाही विचारतो, गडावर रेंज कुठे असते? ऑफलाइन नकाशाचं काय? गूगलच्या अटींत टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) साठवून ठेवणं बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल सर्व्हरवरूनही घाऊक डाउनलोडला बंदी आहे. तो सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो, त्याला असं ओरबाडणं मला चुकीचंच वाटतं.

रानवाट:
टाइल्सना बंदी आहे, डेटाला नाही! श्रेय दिलं की तो डेटा उतरवून घ्यायला परवाना मोकळा आहे. सह्याद्रीपुरता तुकडा काढून पीएमटाइल्स या प्रकारची (सगळा नकाशा मावणारी) एकच फाइल करायची, ती आपल्या साध्या होस्टिंगवर ठेवायची आणि लीफलेटसारख्याच मॅपलिबर लायब्ररीने दाखवायची. भटक्याने घरी वायफायवर आपल्या गडाचा भाग फोनमध्ये साठवला की वर रेंज नसली तरी चालेल. नेमकं हेच गूगलवर करता येत नाही. वाडीच्या नावांचा मुद्दा मात्र मान्य. गडांच्या पायथ्याच्या गावांची यादी आम्ही हाताने करू, शोध त्याच यादीत चालेल.

पिनकोड:
हाताने केलेली यादी दोन वर्षांनी कोण सांभाळणार? तिघांपैकी एक नोकरीसाठी बाहेर गेला की ॲप बेवारशी. आणि एक काळजीची गोष्ट. टाक्याची जागा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जरूर टाका, पण ‘मार्चमध्ये पाणी होतं’ हे तुमच्याच डेटाबेसमध्ये हवं, शेजारी शेवटच्या पाहणीची तारीख ठळक. जुन्या नोंदीवर विसंबून कुणी अर्धी बाटली घेऊन वैशाखात वर गेला, तर नकाशा कुणाचा होता याने काही फरक पडत नाही.

रानवाट:
तारखेचा रकाना आजच घालतो. सहा महिन्यांपेक्षा जुनी नोंद राखाडी दिसेल. नकाशा मात्र ओपनस्ट्रीटमॅपचाच.