गरोदरपणातील योगासने आणि बाळंतपणानंतर बाळासोबतचा व्यायाम : काय चालेल, काय टाळावे?

प्रश्न : मांजराकाठ (निलंगा, जि. लातूर)

मला एकविसावा आठवडा सुरू आहे आणि ही माझी पहिलीच खेप आहे. लग्नाआधीपासून मी रोज सकाळी सूर्यनमस्कार, काही आसने आणि कपालभाती करत असे. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे सगळे बंद पडले. आता उलट्या थांबल्या आहेत, अंगात तरतरी आली आहे आणि पुन्हा सुरुवात करावीशी वाटते. डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून ‘हलका व्यायाम चालेल’ एवढेच सांगितले. मागे रांग इतकी मोठी होती की हलका म्हणजे नेमका कोणता, हे विचारायला सवडच मिळाली नाही. हिमोग्लोबिन ९.६ आहे आणि गोळ्या सुरू आहेत.

सासूबाईंचे म्हणणे असे, की पोटुशी बाईने हात वर करू नयेत, नाहीतर बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये मात्र आठव्या महिन्यातल्या बायका शीर्षासन करताना दिसतात. या दोन टोकांमध्ये मी कोठे उभे राहावे? बाळंतपणाला मी माहेरी परभणीला जाणार आहे. तेथे सव्वा महिना बाळंतीण बाजेवरून फारशी उतरत नाही. त्या काळात आणि त्यानंतर बाळाला सोबत घेऊन काय करता येईल, हेही जाणत्यांनी सांगावे.

उत्तर : गोदाकाठ (नांदेड)

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गरोदर महिलांचे व्यायामवर्ग घेते. नाळेचा प्रश्न आधी मिटवू. बाळ गर्भजलात फिरत असते आणि त्या फिरण्यातच नाळेचा वेढा बसतो. आईच्या हात वर करण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ताडासन निर्धास्तपणे करा, फक्त भिंतीजवळ उभ्या राहून करा, कारण पोट पुढे येते तसा शरीराचा तोल बदलतो आणि सवयीच्या आसनातही पाय डगमगू शकतो. शीर्षासन, सर्वांगासन आणि पडण्याचा धोका असलेले सगळे प्रकार मात्र आता बाजूला ठेवावेत.

कपालभाती आणि भस्त्रिका बंद करा, कारण त्यांत पोटाला वारंवार जोराचा झटका बसतो आणि पोटातला दाब वाढतो. उड्डियान बंध म्हणजे पोट आत खेचून धरणे नको आणि कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणेही नको. अनुलोम-विलोम श्वास न रोखता केला तर उत्तम, भ्रामरीही चालते. भुजंगासन, धनुरासन यांसारखी पोटावर भार देणारी आसने आता सोडून द्यावीत आणि पीळ द्यायचा झाला तर तो खांद्यांपासून द्यावा, कमरेतून नव्हे. मार्जारासन, बद्धकोणासन आणि खुर्चीचा आधार घेऊन केलेले वीरभद्रासन या काळात बहुतेकींना सोसते. कंबरदुखीला मार्जारासनाने बराच आराम पडतो, पण त्यात पाठ खाली फार झुकवू नये. ती सपाट होईपर्यंतच आणावी.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पूर्वीपासून योग करणाऱ्या बायका नेमक्या येथेच फसतात. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल पडतात आणि अंग एकाएकी लवचिक वाटू लागते. ‘पूर्वी एवढे खाली जाता येत नव्हते, आता जाते’ या आनंदात अधिक ताणले, की ओटीपोटाच्या पुढच्या सांध्यात किंवा माकडहाडाजवळ दुखणे सुरू होते. ताण जाणवू लागला की तेथेच थांबावे.

शवासन आता डाव्या कुशीवर करायचे. विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ उताणे पडून राहिल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊ शकते. त्याने गरगरते आणि बाळाचा रक्तपुरवठाही घटतो. सतरंजीवर डाव्या कुशीला वळा, घडी केलेली गोधडी दोन्ही गुडघ्यांमध्ये घ्या आणि चादरीची पातळ घडी पोटाखाली सरकवा. उठताना एकदम सरळ बसू नका. आधी वरचा हात जमिनीवर टेकवा, त्याच्या जोरावर बसत्या व्हा आणि श्वास सावरल्यावरच उभ्या राहा.

प्रमाणाचे विचाराल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, काही वैद्यकीय अडचण नसलेल्या गरोदर आणि बाळंत महिलांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली आहे. चालणेही त्यातच धरलेले आहे. व्यायाम करताना तुम्हाला सलग वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागू लागली, तर वेग जास्त झाला आहे असे समजा.

उत्तर : शिवार (धारूर, जि. बीड)

वरच्या ताईंनी सगळे व्यवस्थित सांगितले आहे. मला फक्त आपल्याकडच्या हवेबद्दल आणि कामाबद्दल लिहायचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पत्र्याच्या खोलीत वीज गेली की दुपारी नुसते बसणेही नकोसे होते. गरोदरपणात शरीर फार तापू देऊ नये, म्हणून व्यायाम उजाडतानाच उरकावा आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा.

दुसरे असे, की ‘आम्ही जात्यावर दळत होतो, आम्हाला कधी योग लागला नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण ते अर्धेच आहे. दिवसभर खुरपणीला बसणाऱ्या किंवा पोट पुढे आलेले असताना उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या बाईला व्यायाम सांगणे ही थट्टा आहे. तिला वजन उचलण्यापासून सुटका आणि डाव्या कुशीवर दोन घटका विसावा हवा असतो. तुमचे काम बसून असेल तर आसनांचा उपयोग आहे. घरातले पाणी भरणे, धुणे-भांडी हे सगळे तुमच्याच अंगावर असेल, तर त्यावर आणखी तासभर आसने करण्यापेक्षा श्वसन आणि विश्रांती पुरे.

उत्तर : बाळंतविडा (जालना)

मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेली परिचारिका आहे. ९.६ हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षयच, कारण गरोदरपणात ते किमान ११ असावे लागते. त्यात तुम्ही एकट्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर ती अंगी लागते. छातीत धडधड होत असेल किंवा जिना चढताना दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन वाढेपर्यंत आसने थांबवून सावकाश चालण्यावर भागवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची विशेष मोफत तपासणी असते. त्या दिवशी आसनांची नावे चिठ्ठीवर लिहून न्या आणि वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, गर्भाशयाचे तोंड आखूड झाले आहे का, रक्तदाब किती आहे, या तीन गोष्टी स्पष्ट विचारा, कारण ‘हलका व्यायाम’ या शब्दांचा अर्थ त्यांवरच ठरतो. अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, डोके फार दुखून अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर व्यायामाचा विषय तेथेच संपवून दवाखाना गाठावा. वाहनासाठी १०२ किंवा १०८ क्रमांक आहेत.

आता बाळाविषयी. ‘बेबी योगा’ या नावाखाली बाळाला हातापायांना धरून झुलवण्याचे प्रकार दाखवतात; त्यांच्या जवळही जाऊ नका. आपल्या मालिशवाल्या बायकाही काही वेळा बाळाला पायाला धरून उलटे करतात आणि नाकात-कानात तेल सोडतात. बाळाची मान सावरलेली नसते आणि नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते, म्हणून या दोन गोष्टींना आईने गोड बोलून, पण ठाम नकार द्यावा. बाकीची हलक्या हाताची मालिश चांगलीच आहे. पाय लांब सोडून, पाठ ताठ ठेवून बाळाला पायांवर घेण्याची आपली जी जुनी बैठक आहे, ते दंडासनच आहे. पाठ भिंतीला टेकवून बसलात तर बाळाची मालिश आणि तुमच्या पाठीचा व्यायाम एकाच वेळी होतो. गॅस धरला असेल तर बाळाचे गुडघे आळीपाळीने पोटाकडे न्यावेत.

बाळ जागे असताना त्याला रोज थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. न रांगणाऱ्या बाळासाठी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवातीला तुम्ही उशीला रेलून बाळाला छातीवर पालथे घेतले तरी चालते. झोपवायचे मात्र उताणेच.

मांजराकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठताई, बाळंतपणानंतर पोट बांधतात, त्यानेच पोट आत जाते असे आई म्हणते. मग आसने केव्हा सुरू करावीत? आणि व्यायामाने दूध आटते का?

गोदाकाठ :

पट्ट्याने आधार मिळतो, स्नायू मात्र त्याने घडत नाहीत. आवळून बांधला तर दाब उलट खाली ओटीपोटावर येतो. प्रसूती साधी झाली असेल, तर पहिल्या काही दिवसांतच बाजेवर पडल्या पडल्या दीर्घ श्वसन आणि मूलबंधासारखे ओटीपोटाचे स्नायू आवळणे-सोडणे सुरू करता येते. खोकताना लघवीचा थेंब गळण्याची जी तक्रार बायका वर्षानुवर्षे लपवतात, तिच्यावर हाच पहिला उपाय आहे. सिझेरियन झाले तर चालणे लवकर सुरू करावे, पण बाळापेक्षा जड काही उचलू नये आणि पोटाची आसने सहा ते आठ आठवड्यांनी टाका तपासून घेतल्यावरच करावीत.

त्याआधी एक चाचणी करा. गुडघे दुमडून उताणे पडा, डोके किंचित उचला आणि बेंबीच्या वरच्या बाजूला बोटे आडवी दाबून पाहा. मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटे बसत असतील किंवा पोट मधोमध उंचवटा धरत असेल, तर पोटाचे स्नायू अजून जुळलेले नाहीत. अशा वेळी नौकासन आणि उताणे पडून उठण्याचे व्यायाम (सिट-अप) टाळून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही. बाळाला आधी पाजून मग सतरंजी अंथरलीत, तर तुम्हालाही हलके वाटेल आणि बाळही तेवढा वेळ निवांत राहील.