बीजीपी सेशन हिरवं दिसतं, मग रूटर ठीक आहे का? एफआरआरवर देखरेख कशी ठेवायची

वाटसरू:
आमचं सातारा जिल्ह्यात इंटरनेट पुरवठ्याचं छोटं काम आहे. दोन लिनक्स मशीनवर एफआरआर (साध्या मशीनला रूटर बनवणारं सॉफ्टवेअर), दोन अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या), दोघांकडून बीजीपीने (रूटरांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) पूर्ण टेबल, म्हणजे जगातल्या सगळ्या रूटची यादी. देखरेख लिब्रेएनएमएस या प्रोग्रामवर, एसएनएमपीतून (उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची पद्धत). वर्षभर पडदा हिरवागार.

गेल्या महिन्यात एका अपस्ट्रीमने रात्री देखभालीचं काम काढलं. आयपीव्ही४ (जुन्या प्रकारच्या पत्त्यांची वाहतूक) ठरल्याप्रमाणे दुसऱ्यावर सरकलं. आयपीव्ही६ (नव्या पत्त्यांची) मात्र ठप्प. बघतो तर दुसऱ्या अपस्ट्रीमबरोबरचं व्ही६ सेशन (बीजीपीची जोडणी) ११ दिवसांपासून पडलेलं. इतके दिवस सगळं व्ही६ एकाच पायावर उभं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

कारण शोधलं. लिब्रेएनएमएस आमच्या मशीनकडून वाचत होतं ती बीजीपीची जुनी एमआयबी (एसएनएमपीतून काय काय विचारता येतं त्याची ठरलेली यादी), आरएफसी ४२७३ या इंटरनेटच्या दस्तऐवजातली, २००६ सालची. तिच्या तक्त्यात शेजाऱ्याची (समोरच्या रूटरची) ओळख म्हणजे त्याचा पत्ता, आणि तो फक्त आयपीव्ही४. व्ही६ शेजाऱ्याला त्यात जागाच नाही. जे दिसतच नाही ते लाल कसं होणार?

त्यावरून माझं मत पक्कं झालं. एफआरआर किंवा तसंच बर्ड चालवणाऱ्याने एसएनएमपीच्या भरवशावर राहू नये. 'शो बीजीपी समरी' (सेशनचा सारांश) या आदेशाचं उत्तर एफआरआर जेसनमध्ये (स्क्रिप्टला वाचता येईल अशा मांडणीत) देतं, व्ही४ आणि व्ही६ वेगवेगळं. प्रोमिथिअस या आकडे गोळा करणाऱ्या साधनाचा एक्सपोर्टर लावा किंवा वीस ओळींची स्क्रिप्ट लिहा, पण किती प्रिफिक्स (पत्त्यांचे गट) आले आणि आपण किती पाठवले हे आकडे घ्या. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे दोन रूटर एकमेकांशी बोलत आहेत, एवढंच. समोरच्याने फिल्टर बदलून ९ लाखांऐवजी ४० रूट पाठवले तरी सेशन एस्टॅब्लिश्डच राहतं. जुन्या एमआयबीच्या शेजाऱ्यांच्या तक्त्यात प्रिफिक्सची संख्या नाहीच.

जुनाखांब:
असहमत. तुमचा अनुभव खरा आहे, पण दोष भलत्याच्या माथी जातोय. एफआरआरच्या नव्या आवृत्त्यांत बीजीपी एमआयबीची दुसरी आवृत्तीही आहे आणि तिच्यात व्ही६ शेजारी येतात. तो मसुदा आरएफसी कधी झाला नाही हे मान्य, पण साध्या एसएनएमपी वॉकमध्ये (सगळी यादी ओळीने वाचली की) ती दिसते. आधी तपासा.

आता मूळ मुद्दा. तुमच्याकडे रूटर दोन असतील. टॉवरवरचे रेडिओ किती? स्विच, ओएलटी (ग्राहकांच्या फायबरचं मुख्य यंत्र), यूपीएस किती? हे सगळे एसएनएमपी बोलतात. रात्रपाळीच्या मुलाने एकच पडदा बघायचा असतो. तुम्ही रूटरसाठी प्रोमिथिअस, त्यासाठी ग्राफाना (आलेखांना), त्यासाठी अलर्टमॅनेजर (इशाऱ्यांना) असा वेगळा संसार थाटणार. तो सांभाळणार कोण? एफआरआर अपडेट झाल्यावर जेसनमधलं एखादं नाव बदललं की स्क्रिप्ट काहीच परत देत नाही, आणि 'काहीच नाही' म्हणजे 'सगळं ठीक' असं ती गृहीत धरते. मी असे प्रकार पाहिलेत.

वाटसरू:
स्क्रिप्ट गप्प झाली तर तोही अलर्टच असला पाहिजे. तो लिहायला विसरणं ही लिहिणाऱ्याची चूक.

आणि एसएनएमपी तरी कुठे सोपं आहे? डेबियनवर एफआरआरचा एसएनएमपी भाग वेगळ्या पॅकेजात येतो. डीमनच्या फाइलमध्ये मॉड्यूल जोडा, एसएनएमपीडीला (एसएनएमपीची उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामला) एजंटएक्सचा (त्याला एफआरआरशी जोडणाऱ्या पद्धतीचा) मास्टर करा, मग त्याच्या सॉकेटची परवानगी एफआरआर वापरकर्त्याला नाही म्हणून अर्धा दिवस घालवा. एवढं झाल्यावर पूर्ण टेबल असलेल्या मशीनवर कुणी सरसकट वॉक केला की एसएनएमपीडी कर्नलचे लाखो रूट वाचत बसतो आणि एक कोअर १०० टक्क्यांवर जातो. रूटचे ते तक्ते सुरुवातीलाच बंद करावे लागतात. हे मी रूटर हळू झाल्यावर शिकलो.

निशाचर:
त्यात एक भर. बीजीपीच्या रूटचा तक्ता एसएनएमपीतून मागितला तर उत्तर बीजीपीडीलाच (एफआरआरमधल्या बीजीपीच्या प्रोग्रामला) द्यावं लागतं, म्हणजे शेजाऱ्यांना कीपअलाइव्ह ('मी जिवंत आहे' असे निरोप) पाठवणाऱ्या प्रोसेसवरच हा भार. पण वाटसरू, जेसनलाही तोच नियम. समरी मागा, पूर्ण टेबल नाही. एका मित्राने दर १५ सेकंदांनी सगळं टेबल जेसनमध्ये ओतून वर 'एफआरआर जड आहे' अशी तक्रार केली होती.

कोकणकडा:
तुम्ही दोघं एकाच खोलीत बसून खिडकी कुठली चांगली यावर भांडताय. दोन्ही पद्धती रूटरला त्याचंच मत विचारतात. तुमचा प्रिफिक्स जगाला दिसतोय का, हे तुमचा रूटर सांगूच शकत नाही.

१६ एप्रिल २०२१ आठवा. भारतातल्या एएस ५५४१० या क्रमांकाच्या नेटवर्कने दुसऱ्यांचे ३० हजारांवर प्रिफिक्स आपलेच असल्यासारखे जाहीर केले होते. ज्यांचे प्रिफिक्स होते त्यांच्या रूटरवर त्या वेळी काय दिसत असेल? सगळी सेशन सुरू, सगळे आकडे नेहमीचे. हे बाहेरूनच कळतं. राइप संस्थेचे रूट गोळा करणारे कलेक्टर आहेत, तसाच राउटव्ह्यूज प्रकल्प आहे, आणि राइपच्या कलेक्टरांचा प्रवाह ऐकून कळवणारं बीजीपीअलर्टर फुकट आहे. तुमच्यासारख्याचे प्रिफिक्स मोजून चार-पाच असतील. एका दुपारचं काम.

दुसरं, अलर्ट कुठल्या वाटेने येतो? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे रूट जगातून गेले तेव्हा त्यांची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर असल्याने अडकली. तुमचा अलर्ट सर्व्हर तुमच्याच लिंकवरून टेलिग्रामला निरोप देणार असेल, तर लिंक गेल्यावर निरोपही जाईल.

जुनाखांब:
ह्या प्रतिसादाला मनापासून +१. आमच्याकडे सर्व्हरला साधा जीएसएम मोडेम जोडलाय, एसएमएस थेट मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून जातो.

पिंपळपान:
बीएमपीचं (बीजीपीवर देखरेखीसाठीच बनवलेली पद्धत) नाव कोणीच काढलं नाही? आरएफसी ७८५४, २०१६. एफआरआरमध्ये मॉड्यूल आहे. विचारत बसायची गरजच नाही, रूटर स्वतःहून प्रत्येक रूटचा बदल कलेक्टरला पाठवतो. फिल्टरच्या आधी काय आलं आणि फिल्टरनंतर काय उरलं, दोन्ही. काल पहाटे अमुक प्रिफिक्स कोणत्या वाटेने होता याचं उत्तर समरीतून कधीच मिळणार नाही.

वाटसरू:
मान्य. पण दोन अपस्ट्रीमचे सगळे बदल साठवायला डेटाबेस लागेल, आणि ते वाचायला माणूस. आम्ही तिघं आहोत, त्यातला एक खांबावर चढलेला असतो.

जुनाखांब:
बघा, 'तिघं आहोत' हा माझाच मुद्दा तुम्ही पिंपळपानला ऐकवताय.

अजून एक, न्याय म्हणून. जुन्या एमआयबीत सेशन किती वेळा एस्टॅब्लिश्ड झालं याचा काउंटर आहे. लिब्रेएनएमएस पाच मिनिटांनी विचारतं आणि सेशन मधे एक मिनिट पडून उठलं, तर अवस्था दोन्ही वेळा सहाच (म्हणजे एस्टॅब्लिश्ड) दिसते. काउंटर मात्र वाढलेला असतो. किती जण तो ग्राफवर घेतात?

निशाचर:
घ्यावा, पण त्यालाच पुरेसं समजू नका. बीजीपीडी कोसळून वॉचएफआरआरने (एफआरआरच्या राखणदार प्रोग्रामने) पुन्हा उठवला तर काउंटरही पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून काउंटरबरोबर सेशनचं वयही बघायचं. कालपर्यंत ४० दिवस होतं आणि आज ६ मिनिटं आहे, तर मधे काहीतरी घडलंय.

आणि होल्ड टाइम (समोरून काहीच आलं नाही तर सेशन पडलं असं मानण्याआधीचा वेळ) विसरू नका. एफआरआरमध्ये तो सहसा १८० सेकंद असतो. मधल्या स्विचपलीकडे फायबर तुटली तर इंटरफेस चालूच दिसतो, आणि तीन मिनिटांपर्यंत सेशन एस्टॅब्लिश्ड राहून पॅकेट खड्ड्यात जातात. मॉनिटरिंगची कितीही चर्चा करा, अपस्ट्रीमकडे बीएफडी (तुटलेली वाट चटकन ओळखणारी पद्धत) मागा. बहुतेक जण मागतच नाहीत.

सांजवेळ:
मी रात्रपाळी करते, म्हणून लिहिते. तुमच्यापैकी कोणी अलर्ट किती यावेत हे बोललंच नाही. आमच्याकडे प्रत्येक शेजाऱ्याच्या प्रत्येक हालचालीचा मेसेज यायचा. 'लांडगा आला रे आला' झालं. खरा लांडगा आला त्या रात्री मी फोन उलटा ठेवला होता आणि त्याची मला आजही लाज वाटते. आता नियम असा: सेशन दोन मिनिटं पडलेलं राहिलं तरच फोन वाजतो. प्रिफिक्स आदल्या आठवड्याच्या याच वेळेपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी झाले तर वाजतो. बाकीचं सगळं सकाळच्या यादीत. साधन कुठलं ते मला खरंच महत्त्वाचं वाटत नाही.

जुनाखांब:
ताई, दोन मिनिटं एकाच अपस्ट्रीमवाल्याला फार झाली.

सांजवेळ:
त्याच्यासाठी तीस सेकंद ठेवा. पण ठरवा आणि लिहून ठेवा.

वाटसरू:
काल रात्री दोन वाजता व्ही६चं एक सेशन मुद्दाम शटडाउन करून पाहिलं. जेसनवाल्या स्क्रिप्टचा फोन २ मिनिटं २० सेकंदांनी वाजला. लिब्रेएनएमएस शेवटपर्यंत हिरवं. जुनाखांब, तुमची दुसरी एमआयबीही शोधली. आमच्या एफआरआरच्या आवृत्तीत ती नाही, अपग्रेड करावं लागेल. तोवर स्क्रिप्ट राहील, तिचं उत्तर लिब्रेएनएमएसच्याच पडद्यावर आणून दाखवेन, म्हणजे मुलाला दुसरीकडे बघावं लागणार नाही. एसएनएमपीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

जुनाखांब:
माझंही नाही. अपग्रेड झालं की तीच चाचणी पुन्हा करा आणि दोन्ही पद्धतींना किती वेळ लागला ते इथे लिहा.