स्प्लेंडर प्लसचा क्लच स्लिप होतोय, प्लेटा घरी बदलता येतील का?

प्रश्न – घाटवाट
गाडी जुनी स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, कार्बोरेटरवाली. सपाटीला काही जाणवत नाही. डबल सीट खंबाटकी चढताना मात्र अ‍ॅक्सिलरेटर पिळला की नुसता इंजिनचा आवाज वाढतो, गाडी ओढत नाही, वर पोचेपर्यंत जळका वास येतो. क्लचची वायर टाइट करून पाहिली, उलट जास्तच झालं. ऑइल गेल्या महिन्यात बदललंय. पाने, टी-पाने घरी आहेत. प्लेटा स्वतः बदलता येतील का? काय काय आणू?

पानापक्कड
वायर टाइट करायची नसते, सैल करायची असते. टाइट वायर म्हणजे लिव्हर अर्धवट दाबून गाडी चालवल्यासारखंच. प्लेटा झिजतात तसा लिव्हरचा मोकळा खेळ आपोआप कमी होत जातो, म्हणून तो अधूनमधून तपासावा लागतो. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी खेळ हवा. आधी हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा, मग इंजिनजवळच्या नटांवर खेळ जुळवा. लिव्हर सोडल्यावर इंजिनवरची आर्म चटकन मागे येते का तेही बघा. वायर आतून गंजली असेल तर ती अडकते आणि क्लच पूर्ण बसत नाही.

एवढं झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास एकदम रेस द्या. आवाज चढला आणि स्पीडचा काटा हलला नाही तर स्लिप नक्की. कटकट आवाज करून झटके बसले तर आधी चेन-स्प्रॉकेट बघा, क्लच नाही.

तेलपाणी
ऑइल कुठलं टाकलंय ते आधी सांगा. हा ओला क्लच आहे, प्लेटा इंजिन ऑइलमध्येच भिजलेल्या असतात.

घाटवाट
कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० होतं, तेच टाकलं.

तेलपाणी
मग आधी ते काढा. कारच्या पातळ ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारचा क्लच कोरडा, त्याला फरक पडत नाही. आपल्या प्लेटांची पकड मात्र तिथेच जाते. बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं १०डब्ल्यू-३० घ्या. ‘एमबी’ लिहिलेलं स्कूटरचं असतं, ते नको. नवीन ऑइलवर थोडे दिवस चालवून बघा. पण जळका वास येत होता म्हणजे प्लेटा बहुतेक काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असणार, त्या ऑइल बदलून परत पकडत नाहीत.

पानापक्कड
मग खोलायचंच. आणायला: फ्रिक्शन प्लेटांचा (घर्षणाचा थर असलेल्या प्लेटांचा) सेट, क्लच स्प्रिंगा, उजव्या कव्हरचं पॅकिंग, किक शाफ्टचं ऑइल सील, ऑइल. स्टील प्लेटा तपासून मग ठरवा.

गरम असतानाच ऑइल काढा. किक काढण्याआधी तिच्यावर आणि शाफ्टवर खूण करा. फुटरेस्ट आणि वायर सोडवा, सायलेन्सर आडवा येत असेल तर तोही. कव्हरचे बोल्ट आठच्या टी-पान्याचे, पण लांबी सारखी नाही. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जागच्या जागी भोसकून ठेवा. आखूड जागी लांब बोल्ट पिळला तर केस तडकते. कव्हर निघत नसेल तर रबरी हातोडीने हळू ठोका, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तिथे ओरखडा पडला की गळती कायमची.

आत स्प्रिंगांचे चार बोल्ट दिसतील. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. एकच पूर्ण सोडला तर प्लेट वाकडी होऊन खांबाचे आटे जातात. मधल्या सर्क्लिपला (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) सर्क्लिप पक्कडच हवी. तिथे चार खाचांचा नट असेल तर खास सॉकेट लागतं, छिन्नीने ठोकू नका. प्लेटा निघतील त्या क्रमाने मांडा, फोटो काढा.

नवी फ्रिक्शन प्लेट साधारण ३ मिमी असते, २.६ च्या खाली गेली की बाद. स्टील प्लेट जाड काचेवर ठेवा, खालून ०.२० मिमीचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरला तर ती वाकली. निळी पडली असेल तरी बदला. क्लच हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या) बोटांवरून नख फिरवा. प्लेटांच्या कानांनी खोल खाचा पाडल्या असतील तर नव्या प्लेटा त्यात अडकतात आणि क्लच धक्क्याने सुटतो.

जुनागिअर
स्प्रिंगांखाली वॉशर टाकले की काम होतं, प्लेटाही पॉलिश पेपरने घासून चालतात. खर्च वाचतो.

पानापक्कड
दादा, वॉशरने लिव्हर जड होते, वायर लवकर तुटते, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले तर क्लच पूर्ण सुटतच नाही. घासल्याने वरचा गुळगुळीत थर जातो, पण जाडी आणखी कमी होते. गावापर्यंत गाडी न्यायला ठीक, घाटासाठी नाही.

घाटवाट, बसवताना: नव्या प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. पहिली आणि शेवटची फ्रिक्शन, मध्ये आलटून पालटून स्टील. प्लेटा दाबणाऱ्या प्रेशर प्लेटचे दाते मधल्या हबच्या खाचांत नीट बसले का ते हाताने फिरवून बघा. इथेच सगळ्यात जास्त चुकतं: दात्यावर दाता राहिला तर बोल्ट घट्ट लागतात, पण प्लेटा दाबल्याच जात नाहीत. बोल्ट १० ते १२ न्यूटन मीटर, त्याहून जास्त नको.

तेलपाणी
कव्हर उघडलंच आहे तर खालची ऑइलची जाळी ओढून रॉकेलने धुवा, झिजलेल्या प्लेटांचा भुसा तिथेच अडकतो. क्रँकच्या टोकावरचा गोल फिल्टरही तीन स्क्रू काढून पुसून घ्या. आत काळा चिखल असतो. नवं पॅकिंग लावताना दोन्ही डॉवेल पिना (कव्हर नेमकं जागी बसवणाऱ्या छोट्या पिना) जागेवर हव्यात, सिलिकॉन थापू नका. त्याचे तुकडे सुटून जाळी बुजते.

ऑइल आधी ७०० मिली ओता. गाडी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, मग ऑइलची काडी न पिळता नुसती टेकवून पातळी बघा आणि वरच्या खुणेपर्यंत भरा. सुरुवातीला काही दिवस जड ओझं आणि अर्धा क्लच टाळा. मग लिव्हरचा खेळ पुन्हा तपासा, नव्या प्लेटा थोड्या बसतात.