प्रतिसाद: देशप्रेम, परंपरा आणि मैदानावरचा हिशेब

वर एकांनी असे म्हटले आहे की साताऱ्याकडची मुले सैन्यात जातात ती घराण्याच्या परंपरेमुळे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावापुरते ते खरेच आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण जपणाऱ्या त्या गावात मुलाने भरतीला जाणे हा वेगळा निर्णय ठरतच नाही. पण तालुक्याच्या गावी पहाटे डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून धावणाऱ्या मुलांचे काय, हा मुद्दा चर्चेत आलेला नाही. त्यांतील बहुतेकांच्या घरात आधी कोणी फौजी नसतो आणि एकच मुलगा सैन्य व पोलीस अशा दोन्ही भरत्यांची तयारी करत असतो, कारण पोलीस भरतीत १६०० मीटर धावावे लागते आणि सैन्यातही तेवढेच अंतर असते. गोळाफेक पोलिसांकडची, बीमवरचे (आडव्या दांडीवरचे) पुल-अप सैन्याकडचे, एवढाच काय तो फरक.

दोन्हींत सैन्याचा प्रयत्न आधी होतो, त्यामागे वयाचे गणित आहे. अग्निवीर म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या सेवेसाठीच्या भरतीचे दार एकविशीच्या आसपास बंद होते, तर पोलीस शिपाई पदासाठी खुल्या वर्गाला २८ वर्षांपर्यंत मुभा असते. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच अग्निवीर कायम होणार आणि उरलेले सेवा निधीची, म्हणजे सेवा संपताना मिळणारी एकरकमी रक्कम घेऊन, निवृत्तिवेतनाविना परतणार, हे या मुलांना तोंडपाठ असते. तरीही ती जातात, कारण परतल्यावरही वय हाताशी असते. मला यात देशप्रेमाचा अभाव दिसत नाही. ‘वर्दी मिळाली पाहिजे’ असे म्हणताना ती मुले कोणती वर्दी हे सहसा सांगत नाहीत, इतकेच.