तिथी बघून निघा
मालवणजवळच्या वायरीहून तारकर्ली, पुढं देवबागपर्यंत जानेवारीत किनाऱ्यानं चालत जमेल का, असं विचारलंय. जमतंय की! कोल्हापूरहून आम्ही गेलोय. फक्त तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास. तेव्हा ओली वाळू टणक असते. भरतीला वरच्या भुसभुशीत वाळूतनं चालावं लागतं, रोज रंकाळ्यावर फिरणाऱ्या आमच्या वडिलांच्याही पोटऱ्या भरून आल्या होत्या. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडनं समुद्राकडं वाहणारा वारा गार लागतो, कानटोपी घ्या. वाटेत मच्छीमार रापण, म्हणजे काठावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर थांबाच. जाळं काठाला येताना आतली चांदीसारखी तडफड बघण्यासारखी असते. देवबागला उजवीकडं समुद्र, डावीकडं कर्ली नदी, मधे चिंचोळी पट्टी. संगमावर मात्र पाण्यात उतरू नका, ओढ फार आहे.