परसातल्या गोठ्यात लाईट नाही, पावसाळ्याआधी काय करता येईल? मदत हवी आहे

मंडळी, जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा, कारण अर्धवट सांगितलं की सगळे "सोलर लाव" एवढंच म्हणतात आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

गाव दापोली तालुक्यात. मी डोंबिवलीला, गावाला आई-बाबा दोघंच. बाबा ७१ वर्षांचे. घराच्या मागे परसातून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून खाली गेलं की गोठा, घरापासून साधारण ६० मीटर असेल. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, माळ्यावर भाताचा पेंढा भरलेला आणि एका अंगाला पत्र्याची पडवी काढलीय. दोन गाई आणि एक पाडी. त्यातली तांबू गाभण आहे, श्रावणाच्या आसपास विणार.

बाबा पहाटे पाचला धार काढायला उतरतात आणि संध्याकाळी सातला परत वैरण घालायला. म्हणजे दोन्ही वेळा अंधारच, आणि पावसाळ्यात तर दुपारी तीनलाही गोठ्यात नीट दिसत नाही. टॉर्च काखेत धरून धार काढतात. मागच्या भाद्रपदात गव्हाणीच्या बुडाशी फुरसं वेटोळं करून बसलेलं, बाबा पेंढा टाकायला वाकलेच होते, आई मागे उभी होती तिच्या टॉर्चच्या उजेडात ते दिसलं म्हणून वाचले. आईने हे मला चार दिवसांनी सांगितलं. तेव्हापासून पहाटे पाचला मला इथे जाग येते.

आता तुम्ही विचाराल की घरात लाईट आहे तर तिथूनच वायर का नाही नेत. नेली होती. मीच नेली होती, सहा वर्षांपूर्वी. साधी दोन कोअरची वायर आंब्याच्या फांदीवरून घेऊन पत्र्याच्या कडेवरून आत सोडली. दोन पावसाळे काही झालं नाही, तिसऱ्यात वाऱ्याने वायर पत्र्याच्या धारेवर घासून घासून सोलली गेली आणि पत्रा आणि त्याखालचा लोखंडी पाइप दोन्हीत करंट उतरला. तेव्हाची पाडी त्याच पाइपाला बांधलेली होती. गेली. माणसाला नुसता झटका बसेल तेवढा करंट जनावराला पुरतो, चारी पाय ओल्या जमिनीवर असतात आणि पुढच्या मागच्या पायांतलं अंतर जास्त, त्यामुळे तो थेट छातीतून जातो, हे मला नंतर कळलं. बाबांनी त्याच दिवशी वायर तोडून टाकली आणि गोठ्यात करंट परत येणार नाही म्हणून सांगितलं. मला एक शब्दाने बोलले नाहीत.

त्यामुळे जे कोणी सांगणार आहेत की आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल जमिनीखालून न्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की आपोआप तोडणारा स्विच) बसवा, वेगळं अर्थिंग करा, त्यांचं बरोबर आहे, योग्य पद्धत तीच आहे आणि मला ती मान्य आहे. पण बाबांना ते नको आहे आणि ह्यात मी त्यांना समजवायला जाणार नाही.

सोलर करून झालं. ऑनलाईन तो सेन्सरवाला दिवा मागवला, खोक्यावर भलेमोठे वॅट छापलेले. गोठ्यावर फणस आणि दोन आंबे, ऊन मिळतं ते सकाळी दहा ते बारा. एप्रिल-मे बरा चालला, जूनच्या शेवटी पाच मिनिटं लागून विझायला लागला. उघडून बघितला तर आत ३.७ व्होल्टचा १२०० एमएएचचा एकच सेल, म्हणजे हिशेबाने साडेचार वॅट-तास सुद्धा नाहीत. ३ वॅटचा दिवा पूर्ण चार्ज असला तरी दीड तास. आणि सावलीत आणि ढगात तो पूर्ण चार्ज होणार कधी.

कंदील नको, वर पेंढा आहे. गोबरगॅसचा दिवा एकाने सुचवला होता पण त्याची मॅन्टल (ज्योतीवरची जाळी) तापते, तेच भय. शिवाय आमच्याकडे संयंत्र नाही.

तर प्रश्न असा की चार महिने ऊन नाही, घरातून करंट न्यायचा नाही, आग लागेल असं काही नको, आणि ७१ वर्षांच्या माणसाला एका बटणात वापरता आलं पाहिजे. ह्यात काय बसतं? जूनच्या आत करायचंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद

दादा, तुमचं वाचून पोटात कालवलं. आमचा गोठा सावंतवाडीकडे, आधी दिवसाचं सांगते कारण ते फुकटात होण्यासारखं आहे. काचेची कौलं मिळतात ती माहीत असतीलच, मंगळुरी कौलाच्याच मापाची, चार-पाच कौलं काढून ती बसवा, दोन गव्हाणीच्या वर आणि दोन धार काढायच्या जागेवर. पेंढ्याच्या माळ्यावर बसवू नका, उजेड खाली पोचणार नाही. आणि भिंतींना आतून चुना मारा. आमच्या भिंती धुराने आणि शेणाने काळ्या झालेल्या, चुना मारल्यावर त्याच उजेडात दुप्पट दिसायला लागलं. पांढऱ्या भिंतीवर जिवाणू, म्हणजे साप, पण लगेच दिसतं. पडवीच्या पत्र्यात बाटली बसवता येईल, पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली अर्धी वर अर्धी आत, पाणी हिरवं होऊ नये म्हणून थोडं ब्लीच घालतात. ब्राझीलच्या एका मेकॅनिकने, आल्फ्रेडो मोझर त्यांचं नाव, २००२ मध्ये वीज जायची तेव्हा शोधून काढलेलं आहे हे. पण भोकाभोवती सीलंट नीट लावा नाहीतर पहिल्याच पावसात गळेल.

आणि बाबांना डोक्याला बांधायचा टॉर्च घेऊन द्या, आजच. दोन्ही हात मोकळे राहतात. पायात गमबूट.

प्रतिसाद

तुम्हाला सोलर कशाला हवंय? घरात लाईट आहे ना. करंट गोठ्यात न्यायचा नाही, पण बॅटरी नेता येते की. बॅटरी घरात चार्ज करायची आणि हातात घेऊन जायची.

हिशेब करू. ३ वॅटचे १२ व्होल्ट डीसीचे दोन एलईडी बल्ब, सकाळी एक तास संध्याकाळी एक तास, म्हणजे दिवसाला १२ वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट ६ एएच बॅटरी घेतली की ७७ वॅट-तास झाले. सहा दिवस जातात. दर पाचव्या दिवशी घरी आणून चार्ज करायची. वजन एक किलोच्या आत-बाहेर. लेड अॅसिडची घेऊ नका, ७ एएचची दोन किलोच्या वर जाते आणि अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलात तर दोन वर्षांत बसते. चार्जर मात्र ह्याच बॅटरीचा लागतो, १४.६ व्होल्टवाला, आणि आत बीएमएस (बॅटरीला जास्त चार्ज आणि शॉर्टपासून वाचवणारं सर्किट) आहे ना ते बघून घ्या. इन्व्हर्टरची भानगडच नको, २३० व्होल्ट कुठेच येत नाही.

एक गोष्ट डोक्यात ठेवा. १२ व्होल्टने गाईला किंवा बाबांना शॉक बसणार नाही पण आग लागू शकते. उंदराने वायर कुरतडली आणि शॉर्ट झाली तर पेंढा पेटायला तेवढं पुरे. बॅटरीच्या प्लस टोकाला लगेच फ्यूज घ्या, २ अँपिअरचा, तुमचा लोड अर्धा अँपिअर आहे. गोठ्यातली जी काय आठ-दहा फूट वायर लागेल ती पीव्हीसी पाइपातून.

प्रतिसाद

वरचा सल्ला उत्तम. मी म्हणेन की एक छोटं पॅनल तरी ठेवाच, २० वॅटचं, पण गोठ्यावर नाही, घरासमोर खळ्यात ऊन येत असेल तिथे. २०२० च्या ३ जूनचं निसर्ग वादळ आठवतंय ना, दापोली-मंडणगडला लाईट यायला किती दिवस गेले. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा डबा), लिथियमची सेटिंग असलेला. तिरपं १५-१८ अंश दक्षिणेकडे, त्यापेक्षा उभं नको. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत तुमच्याकडे दुपारचा सूर्य उलट थोडा उत्तरेला असतो. भरपावसात त्यातून फार मिळणार नाही, पण उघडीप मिळाली की एका दिवसात बॅटरी भरत येईल.

बल्ब पिवळ्या उजेडाचे घ्या, पांढऱ्यावर किडे जास्त येतात. किडे आले की बेडूक येतात आणि बेडकांमागे साप.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगतो, सोलर किंवा वायर ह्या दोन्हींच्या पलीकडे मी विचारच केला नव्हता, बॅटरी उचलून न्यायची हे इतकं साधं आहे आणि दोन वर्षं सुचलं नाही.

ठरवलेलं असं: हेड टॉर्च काल पार्सल केला. काचेच्या कौलांचं आईने गावात विचारलं, मिळतायत, अक्षय्य तृतीयेला मी जातोय तेव्हा बसवू आणि चुनाही तेव्हाच. बॅटरी दोन घेणार, एक गोठ्यात एक घरी चार्ज झालेली, म्हणजे पाखाडीवरून जाताना एक न्यायची आणि येताना दुसरी आणायची, रात्रीत कधी अंधार पडायला नको. फ्यूज धारकासकट घेतोय. पॅनलचं पुढच्या महिन्यात बघतो, खळ्यात कुठे किती वाजेपर्यंत ऊन असतं ते आईला लिहून ठेवायला सांगितलंय.

तांबूच्या विण्याचाही हिशेब केला. एकच ३ वॅटचा दिवा रात्रभर ठेवला, दहा तास धरले, तरी ३० वॅट-तास जातात. म्हणजे दोन रात्री सलग जागून काढाव्या लागल्या तरी एका बॅटरीत होतंय. मागच्या वेळी ती रात्री दोनला व्याली तेव्हा वासरू आडवं आलेलं आणि आई एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताने डॉक्टरना फोन लावत होती.

काल रात्री बाबांशी बोललो. सगळं ऐकून घेतलं आणि "घरातून वायर येणार नाही ना" असं दोनदा विचारलं. नाही येणार म्हटलं, बॅटरीचा डबा हातात घेऊन जायचा आणि खुंटीला अडकवायचा. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले खुंटी मी ठोकून ठेवतो.

आता एवढंच सांगा, खुंटी किती उंचावर घ्यायची? बाबांचा हात डोक्याच्या वर फारसा जात नाही, आणि खाली घेतली तर तांबू शिंगाने डबा पाडेल. गव्हाणीच्या पलीकडच्या भिंतीवर घेऊन दिवे तेवढे वाशाला बांधले तर चालेल का?