मदत हवी आहे: इंदूरमध्ये सीवायपी२सी१९ची जनुक तपासणी कुठे होते?

नमस्कार मंडळी. स्टेंट बसवलेल्या रुग्णासाठी विचारतेय. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) ७५ मिग्रॅ रोज चालू आहे. ही गोळी मुळात निष्क्रिय. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाचं रूप देतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती *२ किंवा *३ (काम न करणारे प्रकार) निघाल्या तर ते रूप फारच कमी तयार होतं, आणि गुठळीचा धोका राहतो. (ओमेप्राझोल हे ॲसिडिटीचं औषधही हेच एन्झाइम अडवतं, म्हणून त्याऐवजी पॅन्टोप्राझोल चालू आहे.)

*२, *३ आणि *१७ (एन्झाइमचं काम वाढवणारा प्रकार) तिन्ही तपासणारी लॅब इंदुरात आहे का? रक्त ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) घेतात ना? अहवालात नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, *१/*२ असा जीनोटाइप (दोन्ही प्रतींचे प्रकार; *१ म्हणजे नेहमीचा) लेखी हवा. टिकाग्रेलॉरवर (या एन्झाइमवर अवलंबून नसलेली दुसरी गोळी) जायचं का, हे हृदयरोगतज्ज्ञ त्यावरून ठरवतील. तोवर गोळी बंद करायची नाहीये, तसं कृपया कुणी सुचवू नका.